डबल-क्लिक केल्यावर स्क्रिप्ट का चालत नाही, आणि ती चालवायची कशी

फोटोंच्या फोल्डरमधल्या फाइल्स तारखेनुसार महिन्यांच्या फोल्डरांत लावून देणारी एक छोटी स्क्रिप्ट (कमांड्स लिहिलेली मजकुराची फाइल) आहे, असं समजा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, कमांड दिली की ती चोख काम करते. मग साहजिकच वाटतं, दर वेळी टर्मिनल उघडून टाइप कशाला करत बसायचं, डेस्कटॉपवर ठेवू आणि डबल-क्लिक करू. पण डबल-क्लिक केलं की स्क्रिप्टचा मजकूरच एडिटरमध्ये उघडतो, नाहीतर एक काळी खिडकी क्षणभर चमकून गायब होते, नाहीतर काहीच होत नाही.

या तिन्ही प्रकारांमागची कारणं वेगवेगळी आहेत. म्हणूनच ‘स्क्रिप्ट डबल-क्लिकने चालत नाही’ एवढंच शोधलं तर ढीगभर उत्तरं मिळतात आणि त्यातली बरीचशी दुसऱ्याच अडचणीची असतात. आधी एक गोष्ट लक्षात घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. टर्मिनलमध्ये कमांड देताना तीन गोष्टी तुम्ही नकळत पुरवत असता. ही फाइल कोणत्या प्रोग्रॅमने चालवायची, कोणत्या फोल्डरमध्ये असताना चालवायची आणि तिचं आउटपुट कुठे दाखवायचं. डबल-क्लिकमध्ये यातलं काहीच नसतं. अमुक फाइलवर क्लिक झालं एवढंच फाइल मॅनेजरला कळतं, बाकीचं तो आपल्या नियमांनुसार ठरवतो. तेव्हा आपलं काम म्हणजे या तिन्ही गोष्टी स्क्रिप्टच्या आत किंवा तिच्या शेजारी लिहून ठेवणं.

(खाली कमांड्सही देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन अंक वापरायचे.)

विंडोज: सगळा खेळ एक्स्टेन्शनचा

विंडोज फाइलच्या नावाचं शेवटचं एक्स्टेन्शन बघतं आणि त्या एक्स्टेन्शनसाठी जो प्रोग्रॅम नोंदवलेला असेल त्याच्या हाती फाइल देतं. डॉट-बॅट आणि डॉट-सीएमडी फाइल्स सरळ चालतात. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नेहमीचा इन्स्टॉलर वापरला असेल तर डॉट-पीवाय फाइलही चालते, कारण २०१२ मध्ये आलेल्या पायथन ३.३ पासून त्याच्याबरोबर ‘पीवाय’ नावाचा लाँचर येतो आणि या फाइल्स त्याच्याकडे जातात. त्याच फाइलचं एक्स्टेन्शन डॉट-पीवायडब्ल्यू केलं तर काळी खिडकी उघडतच नाही. ज्या स्क्रिप्टला स्वतःची खिडकी आणि बटणं आहेत तिच्यासाठी हे उत्तम. बाकीच्यांसाठी मात्र गैरसोयीचं, कारण एरर आली तरी ती कुठेच दिसत नाही.

सुरुवातीला हमखास अडखळायला होतं ते नोटपॅडपाशी. फाइल ‘फोटो डॉट बॅट’ या नावाने सेव्ह केली असं वाटतं, प्रत्यक्षात ती ‘फोटो डॉट बॅट डॉट टीएक्सटी’ झालेली असते आणि विंडोज शेवटचा तुकडा लपवत असल्यामुळे ते कळत नाही. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूमध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा आणि कायमचं चालूच ठेवा.

हे लपलेलं एक्स्टेन्शन एकदा जगाला फार महागात पडलं. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) ईमेलमधून पसरला. त्याच्या अटॅचमेंटचं नाव होतं ‘लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’. शेवटचं व्हीबीएस लपलेलं असल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. त्यांनी डबल-क्लिक केलं आणि स्क्रिप्ट चालली. २००६ मध्ये पॉवरशेल (मायक्रोसॉफ्टचं स्क्रिप्ट चालवण्याचं नवं साधन) आलं तेव्हा त्याच्या डॉट-पीएस१ फाइलवर डबल-क्लिक केलं की ती चालणार नाही, तर नोटपॅडमध्ये उघडेल, अशी मुद्दामच व्यवस्था केलेली होती. शिवाय एक्झिक्यूशन पॉलिसी हे आणखी एक कुलूप आहे. घरगुती विंडोजवर ती मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असते, म्हणजे कोणतीच स्क्रिप्ट फाइल चालू देत नाही.

अनेक ठिकाणी सल्ला दिसतो की डॉट-पीएस१ साठी नोंदवलेला प्रोग्रॅम बदलून टाका, म्हणजे डबल-क्लिकने चालेल. माझं स्पष्ट मत आहे की हे करू नये. तुमच्या एका स्क्रिप्टच्या सोयीसाठी कुठूनही आलेली प्रत्येक पॉवरशेल फाइल एका डबल-क्लिकवर चालायला मोकळी होते. त्यापेक्षा स्क्रिप्टच्या शेजारी एका ओळीची बॅच फाइल ठेवा:

पॉवरशेल -एक्झिक्यूशनपॉलिसी बायपास -फाइल "%~डीपी०फोटो.पीएस१"

यातली सूट फक्त त्या एका वेळेपुरती असते, संगणकाची पॉलिसी बदलत नाही. ‘%~डीपी०’ म्हणजे ही बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पूर्ण पाथ (पत्ता), शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेसकट. त्यामुळे दोन्ही फाइल्स एकत्र कुठेही हलवा, अडत नाही. शॉर्टकट करूनही हेच साधतं, पण शॉर्टकटमध्ये पाथ पक्का लिहिला जातो आणि फोल्डर हलवला की तो तुटतो. कार्यालयाच्या संगणकावर ग्रुप पॉलिसीने (ॲडमिनने सगळ्या संगणकांना लावलेल्या नियमांनी) बंधन घातलेलं असेल तर ही ओळ चालणार नाही. तिथे ॲडमिनलाच विचारायला हवं.

इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक खूण करून ठेवतं. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली ‘अनब्लॉक’ अशी चौकट दिसली तर आधी स्क्रिप्ट उघडून वाचा, मगच तिथे टिक करा.

लिनक्स: परवानगी आणि पहिली ओळ

लिनक्सचा कर्नल, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा त्याचा गाभा, एक्स्टेन्शनकडे बघतही नाही. त्याला दोन गोष्टी लागतात. पहिली, फाइलवर ‘चालवण्याची’ परवानगी. ‘सीएचमॉड +एक्स’ आणि फाइलचं नाव अशी कमांड दिली की ती मिळते. फाइल मॅनेजरमध्ये प्रॉपर्टीजमधल्या परवानग्यांच्या भागातही तशी सोय असते.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइलची पहिली ओळ. फाइलची अगदी पहिली दोन अक्षरं #! असतील तर कर्नल समजतो की ही स्क्रिप्ट आहे आणि पुढे लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे ती सोपवायची आहे. यूनिक्समध्ये ही सोय डेनिस रिची यांनी १९८० च्या सुरुवातीला आणली. पायथनसाठी ही ओळ अशी लिहितात:

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३

थेट पायथनचा पाथ न देता मध्ये ‘एन्व्ह’ घालतात, कारण पायथन प्रत्येक संगणकावर एकाच जागी असेल याची खात्री नसते. एन्व्ह त्याला शोधून काढतो.

या पहिल्या ओळीत डोळ्यांना न दिसणारी एक गडबड होऊ शकते आणि ती माणसाचा जीव काढते. समजा, स्क्रिप्ट विंडोजवर लिहिली आणि लिनक्सवर आणली. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्स फक्त लाइन फीड ओळखतं. त्यामुळे राहिलेलं कॅरेज रिटर्न प्रोग्रॅमच्या नावाला चिकटतं आणि लिनक्स ‘पायथन३’ ऐवजी ‘पायथन३ अधिक एक अदृश्य चिन्ह’ या नावाचा प्रोग्रॅम शोधू लागतं. असा प्रोग्रॅम कुठेच नसतो. मग एरर येते ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. माणूस बघतो तर फाइल समोर आहे, पायथनही जागेवर आहे, आणि संगणक म्हणतोय सापडत नाही! एररमध्ये नावाच्या शेवटी ‘^एम’ किंवा ‘\आर’ दिसलं तर शंभर टक्के हाच प्रकार. एडिटरमध्ये ओळींचा प्रकार ‘एलएफ’ करून सेव्ह करा, किंवा ‘डॉस२यूनिक्स’ ही कमांड चालवा.

त्याचंच भावंड म्हणजे बीओएम. काही एडिटर यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट्सची एक अदृश्य खूण टाकतात. मग फाइलची पहिली दोन अक्षरं #! राहत नाहीत आणि कर्नलला ती स्क्रिप्ट वाटत नाही. स्क्रिप्टमध्ये मराठी मजकूर असेल तर यूटीएफ-८ हवंच, पण सेव्ह करताना बीओएमशिवाय. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल ५.१ चं याच्या नेमकं उलट आहे. बीओएम नसेल तर ते फाइल यूटीएफ-८ धरत नाही आणि देवनागरीचा चिखल करतं.

हे दोन्ही झालं तरी एक दार उरतं, ते फाइल मॅनेजरचं. कर्नल चालवायला तयार असला तरी डबल-क्लिकवर काय करायचं ते फाइल मॅनेजर ठरवतो. ग्नोम या डेस्कटॉपच्या सध्याच्या ‘फाइल्स’मध्ये डबल-क्लिकने स्क्रिप्ट एडिटरमध्येच उघडते आणि चालवायची तर राइट-क्लिक करून ‘रन ॲज अ प्रोग्रॅम’ निवडावं लागतं. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर डॉल्फिन विचारतो की उघडू की चालवू. एरवी टर्मिनलमध्ये बिनचूक चाललेली स्क्रिप्ट इथे ‘चालत नाही’ असं वाटतं ते यामुळे.

यावरचा नीट उपाय म्हणजे डॉट-डेस्कटॉप फाइल. मेनूमध्ये दिसणारे प्रोग्रॅम बहुतेक अशाच फाइलमधून येतात. ती साधी मजकुराची फाइल असते. पहिली ओळ [डेस्कटॉप एंट्री], मग ‘टाइप=ॲप्लिकेशन’, ‘नेम=’ पुढे दिसायचं नाव, ‘एक्झेक=’ पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पाथ, ‘पाथ=’ पुढे ज्या फोल्डरमध्ये काम करायचं तो, आणि आउटपुट बघायचं असेल तर ‘टर्मिनल=ट्रू’. ‘नेम[एमआर]=’ अशी ओळ घातली तर मराठीत चालणाऱ्या डेस्कटॉपवर नाव मराठीत दिसतं. हे मला फार आवडतं. घरात किंवा कामाच्या ठिकाणी जी व्यक्ती ही स्क्रिप्ट वापरणार आहे तिला ‘फोटो लावा’ एवढंच वाचायला मिळतं.

‘एक्झेक’मध्ये होम फोल्डरसाठी ~ हे चिन्ह वापरू नका. ते शेलला (टर्मिनलमध्ये कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) कळतं, इथे शेल नसतो. पाथ सुरुवातीच्या तिरक्या रेघेपासून संपूर्ण लिहा. फाइल होममधल्या ‘.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स’ या फोल्डरमध्ये ठेवली की स्क्रिप्ट इतर प्रोग्रॅमसारखी मेनूत येते. डेस्कटॉपवर आयकॉन ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण ग्नोमच्या फाइल मॅनेजरने डेस्कटॉपवरचे आयकॉन २०१८ मध्येच काढून टाकले. उबुंटू ते एक्स्टेन्शनमधून देतं, पण तिथेही आधी राइट-क्लिक करून ‘अलाउ लाँचिंग’ म्हणावं लागतं.

मॅकवर काम लवकर उरकतं

शेल स्क्रिप्टचं एक्स्टेन्शन डॉट-कमांड करा, लिनक्सप्रमाणेच ‘सीएचमॉड +एक्स’ द्या, झालं. डबल-क्लिक केलं की टर्मिनल उघडून ती चालते. टर्मिनल नकोच असेल तर मॅकसोबत येणाऱ्या ऑटोमेटर या ॲपमध्ये ‘रन शेल स्क्रिप्ट’ घेऊन ॲप्लिकेशन म्हणून सेव्ह करता येतं. दुसऱ्याकडून डाउनलोड होऊन आलेली स्क्रिप्ट मात्र गेटकीपर हा मॅकचा पहारेकरी अडवतो. २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून राइट-क्लिक करून ‘ओपन’ म्हणण्याची जुनी पळवाट बंद झाली आहे. आता सिस्टिम सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये जाऊन ‘ओपन एनीवे’ करावं लागतं.

स्क्रिप्ट नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये काम करते?

इथे खरी जोखीम आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

फोटो लावणारी आपली स्क्रिप्ट ‘या फोल्डरमधल्या सगळ्या जेपीजी फाइल्स घे आणि हलव’ असं म्हणते. टर्मिनलमध्ये आपण आधी फोटोंच्या फोल्डरमध्ये जायचो, त्यामुळे ‘या’चा अर्थ बरोबर लागायचा. डबल-क्लिक केल्यावर तो बदलू शकतो. मॅकवर डॉट-कमांड फाइल होम फोल्डरमध्ये सुरू होते, ती स्वतः कुठेही ठेवलेली असो. लिनक्सवर डॉट-डेस्कटॉप फाइलमध्ये ‘पाथ=’ दिला नसेल तर बहुतेक वेळा तेच होतं. विंडोजवर बॅच फाइल डबल-क्लिकने तिच्याच फोल्डरमध्ये सुरू होते, पण राइट-क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटलं की ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये जाऊन उभी राहते. हलवणारी किंवा पुसणारी कमांड आणि चुकीचा फोल्डर, तेही ॲडमिनच्या अधिकाराने! याहून वाईट गाठ नाही.

उपाय एका ओळीचा आहे आणि तो प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला असावा. बॅश या शेलमध्ये:

सीडी "$(डिरनेम "$०")" || एक्झिट १

म्हणजे स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे जा, आणि जाता आलं नाही तर तिथेच थांब. दोन उभ्या रेघांनंतरचा भाग गाळू नका. तो नसेल तर फोल्डर बदलला नाही तरी पुढच्या कमांड्स चालतच राहतात. बॅच फाइलमध्ये हीच ओळ ‘सीडी /डी "%~डीपी०"’ अशी होते. पॉवरशेलमध्ये ‘$पीएसस्क्रिप्टरूट’ हा तयार व्हेरिएबल आहे. पायथनमध्ये ‘__फाइल__’ वरून स्क्रिप्टचा फोल्डर काढता येतो आणि त्यासाठी पायथनसोबतच येणारं पाथलिब सर्वांत सोयीचं.

अवतरणचिन्हंही तितकीच महत्त्वाची. फोल्डरचं नाव ‘माझे फोटो’ असेल आणि अवतरणचिन्हं नसतील, तर शेल मधल्या मोकळ्या जागेवर नाव तोडतं आणि ‘माझे’ आणि ‘फोटो’ अशा दोन वेगळ्या गोष्टी समजतं.

गायब होणारी खिडकी

काळी खिडकी चमकून गेली म्हणजे स्क्रिप्ट चालली नाही असं नाही. उलट ती चालली आणि संपली. काम संपलं की खिडकी बंद होते, मग ते नीट झालं असो वा पहिल्याच ओळीला एरर आली असो. मॅकचं टर्मिनल एरवी खिडकी उघडी ठेवतं, इतरत्र आपण सोय करायची.

बॅच फाइलच्या शेवटी ‘पॉज’ लिहिलं की ती बटण दाबेपर्यंत थांबते. बॅशमध्ये शेवटी ‘रीड’ लिहून तेच होतं. पण मधेच ‘एक्झिट’ झालं तर शेवटच्या ओळीपर्यंत पोचणारच कोण? म्हणून बॅशमध्ये ‘रीड’ शेवटी न लिहिता सुरुवातीलाच लिहा:

ट्रॅप 'रीड -पी "एंटर दाबा"' एक्झिट

आता स्क्रिप्ट कुठूनही बाहेर पडली तरी आधी एंटरची वाट बघेल. पायथनमध्ये ‘ट्राय’ आणि ‘फायनली’ वापरून ‘इनपुट’ घालता येतं, पण कोडमध्येच सिंटॅक्सची चूक असेल तर पायथन काहीही चालवण्याआधीच थांबतं आणि खिडकी तशीच निघून जाते. म्हणून नवी स्क्रिप्ट आधी टर्मिनलमध्ये चालवून बघावी, डबल-क्लिकची पाळी नंतर.

जी स्क्रिप्ट दुसरं कोणी वापरणार आहे तिच्यात लॉग फाइल ठेवा. ‘काहीतरी एरर आली आणि गेली’ असं सांगणाऱ्या माणसाचा दोष नसतो, त्याला वाचायला वेळच मिळालेला नसतो. खिडकी अजिबात नको असेल तर लिनक्सवर ‘झेनिटी’, मॅकवर ‘ओएसएस्क्रिप्ट’ वापरून शेवटी ‘फोटो लावून झाले’ असा छोटा संदेश दाखवता येतो. तेवढं तरी नक्की करा, नाहीतर काही झालं की नाही हे न कळल्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करत राहतो.

आणि पुन्हा क्लिक केलं की दुसरी प्रत सुरू होते. एकच फाइल दोन प्रती एकाच वेळी हलवू लागल्या तर गोंधळ ठरलेला. साधा इलाज म्हणजे स्क्रिप्टने सुरुवातीला ‘एमकेडिर’ने एक ठराविक नावाचा फोल्डर बनवायचा आणि काम संपताना तो काढून टाकायचा. फोल्डर आधीच असेल तर ‘एमकेडिर’ अपयशी होतं, म्हणजे पहिली प्रत अजून चालू आहे. लिनक्सवर ‘एफलॉक’ त्याहून चांगलं, कारण स्क्रिप्ट मधेच मेली तरी कुलूप आपोआप सुटतं.

टर्मिनलमध्ये सापडतं, डबल-क्लिकमध्ये नाही

‘कमांड नॉट फाउंड’ ही एरर फक्त डबल-क्लिकने चालवल्यावर येत असेल तर कारण पाथ व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायची त्या यादीत, शोधा. टर्मिनल उघडताना शेल तुमची ‘बॅशआरसी’ किंवा ‘झेडएसएचआरसी’ फाइल वाचतं आणि तुम्ही जोडलेले फोल्डर त्यातून मिळतात. मेनूतून किंवा ऑटोमेटरमधून सुरू झालेल्या स्क्रिप्टच्या वाट्याला ती फाइल येत नाही. टर्मिनलमध्ये ‘विच’ आणि कमांडचं नाव देऊन पूर्ण पाथ काढा आणि स्क्रिप्टमध्ये तोच लिहा. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका कामापुरती वेगळी ठेवलेली पॅकेजेस) असेल तर ते ॲक्टिव्हेट करायची गरजच नाही. त्याच्या ‘बिन’ फोल्डरमधलं पायथन (विंडोजवर ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमधलं) थेट पूर्ण पाथने चालवलं तरी त्यातली सगळी पॅकेजेस मिळतात.

पेन ड्राइव्हवरून स्क्रिप्ट चालवायचा प्रयत्न लिनक्सवर फसतो तो निराळ्याच कारणाने. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट प्रकारचा असतो आणि त्यात ‘चालवण्याची’ परवानगी नोंदवायला जागाच नसते. ‘सीएचमॉड’ कितीही वेळा द्या, ते टिकत नाही. फाइल आधी होम फोल्डरमध्ये कॉपी करा.

सगळं जमलं की स्क्रिप्ट दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एक चाचणी घ्या. ‘चाचणी फोटो’ असा एक फोल्डर बनवा, नावात मोकळी जागा आणि देवनागरी दोन्ही असलेला. त्यात स्क्रिप्ट आणि नको असलेल्या थोड्या फोटोंच्या प्रती टाका, संगणक रीस्टार्ट करा आणि टर्मिनल न उघडता डबल-क्लिक करा. लिनक्सवर आधी डॉट-डेस्कटॉप फाइलमधले ‘एक्झेक=’ आणि ‘पाथ=’ हे दोन्ही या फोल्डरकडे वळवून घ्या. काहीच हललं नाही तर पहिल्यांदा अवतरणचिन्हं तपासा, मग ‘सीडी’ची ओळ. भलत्याच ठिकाणच्या फाइल्स हलल्या तर सरळ ‘सीडी’च्या ओळीकडे जा.